आजेसासूबाईंची पैठणी आणि जपानी बटवा

आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात एक गाठोडं असायचं. मलमलच्या फडक्यात बांधलेलं. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी, ते खाली काढायचं, सावलीत वारं द्यायचं, जुन्या घड्या मोडून नव्या घालायच्या आणि पुन्हा बांधून ठेवायचं. आत होती माझ्या आजेसासूबाईंची लग्नातली नऊवारी पैठणी. अंजिरी रंग, नारळी काठ आणि पदरावर असावलीच्या वेली, त्यांत बसलेले हिरवे राघू.

नेसायची म्हणाल, तर ती गेल्या वीस वर्षांत कुणी नेसलं नव्हतं. नेसण्यासारखी राहिलीच नव्हती ना! दरवर्षी गाठोडं उघडलं की घडीवर एक नवी चीर दिसायची. मधलं रेशीम असं विरलं होतं की बोट लावलं तरी भुगा पडावा. काठ मात्र शाबूत, आणि पदर तर काल मागावरून उतरवल्यासारखा.

यंदा गाठोडं उघडल्यावर प्रश्न निघाला, आता हिचं करायचं काय? पुण्याच्या धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "पदर कापून फ्रेम करू, हॉलमध्ये छान दिसेल." छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या वन्संनी फोनवर बजावलं, "आजीच्या पैठणीला कात्री लावाल तर माझ्याशी गाठ आहे." मी मधल्यामध्ये. आणि सासूबाई? त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी नुसती गाठ पुन्हा बांधली.

त्यांच्या गप्प बसण्याचं कारण मला ठाऊक होतं. घरात अशा पैठण्या दोन होत्या. दुसरी १९७२च्या दुष्काळात गेली. सासूबाई तेव्हा नव्या सूनबाई. घरात ज्वारी नव्हती, विहिरीला पाणी नव्हतं. दारावर जुनी जर विकत घेणारा आला. त्या काळच्या जरीत खरी चांदी असे, वर सोन्याचा मुलामा. अंगणात घमेल्यात पैठणी जाळली, राख धुतली, आणि तळाशी चांदीचा एवढासा गोळा उरला. त्याच्या पैशांत महिनाभराची ज्वारी आली. "ज्वारी खाल्ली गं सगळ्यांनी," सासूबाई एकदा मला म्हणाल्या होत्या, "पण तो जळक्या रेशमाचा वास अजून नाकातून गेला नाही माझ्या." आता सांगा, अशा बाईला 'कात्री आणू का?' असं कोण विचारणार?

शेवटी ह्यांनीच तोड काढली. "दिवाळीनंतर ताईकडे जायचंच आहे. पैठणीचं माहेर तिकडेच. घेऊन जा बरोबर आणि जाणत्या माणसांना दाखवा." झालं! गाठोडं पिशवीत गेलं आणि सोलापूरहून आम्ही निघालो.

सोलापूर सोडलं की तुळजापूर, धाराशिव, बीड, गेवराई, पाचोड असा सरळ रस्ता आहे. भवानीमातेला गाडीतूनच हात जोडले. वाटेत ह्यांनी एक गंमत सांगितली. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे जुनं 'तगर' आणि पुढचं पैठण हे 'प्रतिष्ठान', सातवाहनांची राजधानी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या पुस्तकात ह्या दोन्ही गावांची नावं आहेत. तेरहून साधं सुती कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई आणि तिथून समुद्रापार. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे हा कापडाचाच रस्ता म्हणायचा की!" आम्ही सोलापूरची चादरीच्या गावातली माणसं, तेव्हा त्यांना ते एकदम पटलं.

वन्संचं घर सिडकोत. पहिला दिवस गप्पांत आणि वरणफळांत गेला. गाठोडं उघडण्याचा विषय कुणी काढला नाही.

रफूगाराने काय सांगितलं

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी बाहेर पडलो. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात ह्याला. आज सगळे उभे नाहीत, पण जे आहेत त्यांच्या कमानीखालून रिक्षा जाते तेव्हा मान आपोआप वर होते. पैठण गेटपासून टिळक पथाने गुलमंडीपर्यंत चालत जावं. दोन्ही बाजूंना साड्या, ड्रेसची कापडं, बांगड्या, भांडी. बायकांचा बाजार कसा असावा तर असा! चालता चालता मी चार मीटर सुती अस्तर घेतलंसुद्धा. का घेतलं, ते वन्संना कळलं असावं. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

जुन्या वस्तीतल्या एका बोळात म्हातारे रफूगार बसतात, त्यांच्याकडे वन्संनी नेलं. त्यांनी चष्मा पुसला, पैठणी उजेडाकडे धरली आणि बराच वेळ पाहत राहिले. मग हलक्या हाताने तिची घडी घातली.

"अम्मा, रफूला आधार लागतो," ते म्हणाले. "भोक पडलं तर भोवतीच्या धाग्याला धरून मी भोक भरीन. पण इथे धरायला धागाच नाही. मी टाका घालीन आणि टाक्याशेजारी नवी चीर पडेल. तुमचे पैसे घेऊन मी तुम्हाला फसवणार नाही."

वन्संचा चेहरा उतरला. रफू करून साडी अखंड राहील, अशी त्यांची आशा होती. त्यांनी पैसे देऊ केले तर रफूगारांनी घेतले नाहीत. "बघण्याचे कसले पैसे?" म्हणाले.

हिमरूच्या मागावर

तिथून जफर गेटच्या बाजूला गेलो. पैठणी पैठणची, तसं ह्या शहराचं स्वतःचं वस्त्र म्हणजे हिमरू. चौदाव्या शतकात, १३२७ साली, महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली तेव्हा विणकरही आले आणि राजधानी परत गेली तरी ते इथेच राहिले, असं सांगतात. किनखाब म्हणजे अस्सल रेशमाचं आणि सोन्याचांदीच्या तारांचं कापड, ते राजेरजवाड्यांनाच परवडायचं. हिमरू दिसायला त्याच्यासारखंच, पण ताणा सुती आणि बाणा रेशमी. थोडक्यात, काटकसरीची श्रीमंती! निजामाच्या राजवटीत हिमरूच्या शेरवान्यांना मोठा मान होता. पुढे संस्थान गेलं, दरबार गेले, शेरवान्याही गेल्या. आता हातमागावर हिमरू विणणारे अगदी थोडे उरले आहेत. दुकानांत बहुतेक यंत्रमागाचा माल असतो, हे विकत घेताना लक्षात असू द्या.

मागाजवळच्या कारागिरांनी आम्हाला शालीचा तुकडा उलटा करून दाखवला. पुढून डाळिंबं, अननस, बदामी बुट्टे, आणि मागून सगळे सुटे लोंबते धागे! नक्षीचा रेशमी धागा जिथे लागेल तिथे वर येतो आणि बाकी वेळ मागे मोकळा पडून असतो. पूर्वी एक जण खाली बसून विणायचा आणि दुसरा मागाच्या वर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढायचा. मागचे ते मोकळे धागे कापडाला ऊब देतात, म्हणून शाली हिमरूच्या. पण बांगडी, अंगठी अडकली की ओढ बसलीच.

"हिमरूच्या तुकड्याची पर्स शिवाल तर अस्तराशिवाय शिवू नका," कारागीर म्हणाले. त्यांच्याकडे विणताना उरलेल्या तुकड्यांच्या पर्सेस, चष्म्याची घरं, उशांचे अभ्रे होतेच. मी एक चष्म्याचं घर घेतलं. सासूबाईंनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, आतलं अस्तर पाहिलं आणि म्हणाल्या, "शिवण बरी आहे." बस्स, एवढंच.

पैठणला

तिसऱ्या दिवशी पैठण. शहरापासून पन्नासएक किलोमीटर. आधी नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं, मग नाथसागराचं अथांग पाणी पाहिलं, आणि मग पैठणी केंद्रात गेलो. तिथे मागावर बायका बसलेल्या असतात आणि आपल्याला विणणं पाहता येतं.

पैठणी विणण्याची रीत अगदी वेगळी. एक सलग धागा इकडून तिकडे जात नाही. पदरावरच्या मोराचा निळा वेगळ्या कांडीवर, पिसाऱ्याचा हिरवा वेगळ्या कांडीवर, चोचीचा लाल आणखी वेगळ्या. जिथे दोन रंग भेटतात तिथे धागा धाग्यात अडकवायचा आणि मागे फिरवायचा. पदराच्या रुंदीत अशा किती कांड्या लोंबत होत्या, ते मी मोजायला गेले आणि नाद सोडला. म्हणूनच एका पैठणीला महिना, दोन महिने, भरगच्च असेल तर वर्षसुद्धा लागतं. म्हणूनच तिची उलटसुलट बाजू सारखी दिसते, मागे हिमरूसारखे मोकळे धागे नसतात. खरी हातमागाची पैठणी ओळखायची साधी खूण हीच, पदर उलटा करून पाहायचा. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते पैठण आणि येवल्याच्या ह्या हातांसाठी.

एका विणकर बाईंना आमचं गाठोडं दाखवलं. वयाने माझ्याएवढ्या असतील. त्यांनी आधी हात धुतले, पदराला पुसून कोरडे केले आणि मगच पैठणीला हात लावला. त्या एका गोष्टीनेच सासूबाईंचं मन जिंकलं.

"काकू, हा पदर आज विणायचा म्हटलं तर कितीतरी महिने जातील," त्या म्हणाल्या. "असा बारीक राघू आता कमीच बघायला मिळतो. अंग गेलंय हो, पण पदराची आणि काठाची जर चांगली आहे, तिच्या बळावर ते राहिलेत. गाठोड्यात ठेवलंत तर अंगाबरोबर तेही हळूहळू जातील. घडीवरच मोडतंय बघा."

"मग कापायचं म्हणता?" वन्संनी विचारलं.

त्या हसल्या. "ताई, मी विणणारी. मला 'काप' असं म्हणवत नाही. पण अंधारात मोडून जाण्यापेक्षा..." आणि त्या मागाकडे वळल्या.

परतीच्या वाटेवर कुणी फारसं बोललं नाही. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

अजिंठ्याला भेटलेल्या बाई

चौथा दिवस अजिंठ्याचा. वन्सं म्हणाल्या, "इतक्या जवळ येऊन अजिंठा न बघता जायचं?" जवळ म्हणजे शंभर किलोमीटर बरं का, सिल्लोडवरून! आणि एक लक्षात ठेवा, अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवायची आणि तिथून बसने लेण्यांपर्यंत जायचं. सासूबाईंना पायऱ्या झेपतील का अशी धास्ती होती, पण त्या एक एक करत माझ्याआधी वर पोचल्या.

पहिल्या लेण्यात आत अंधार. डोळे सरावले की हळूहळू पद्मपाणी दिसू लागतो, हातात कमळ घेतलेला, खाली पाहणारा. आपण बायका मात्र काय बघतो? कपडे! भिंतीवरच्या स्त्रियांच्या वस्त्रांवरचे पट्टे बघा, बारीक, जाड, पुन्हा बारीक. आपल्या आजच्या पट्ट्यापट्ट्यांच्या साड्याच की. आणि छतावर चौकोनाचौकोनांत कमळं, फळं, हत्ती, बैल. पैठणीवर, हिमरूवर जी अजिंठ्याची कमळं उमटतात, ती ह्या चित्रांवरून घेतलेली.

लेण्याच्या बाहेर दगडी कठड्यापाशी आम्ही टेकलो होतो. शेजारी जपानी यात्रेकरूंचा जथा होता. जपानी लोक अजिंठ्याला भक्तिभावाने येतात. त्यांच्याकडे होर्यूजी नावाचं प्राचीन बौद्ध मंदिर आहे. तिथल्या भिंतींवरची चित्रं अजिंठ्याशी नातं सांगणारी होती, ती १९४९ साली आगीत होरपळली. त्याच्याही आधी, १९१७-१८च्या सुमारास, आराई काम्पो नावाचे जपानी चित्रकार अजिंठ्यात येऊन ह्या चित्रांच्या नकला करून गेले होते. अलीकडे १९९०च्या दशकापासून अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि सोयींसाठी जपानने कर्जरूपाने मोठं साहाय्य केलं. तेव्हा इथे जपानी पाहुणे दिसले तर नवल नाही.

त्यांतल्या एक बाई सासूबाईंच्याच वयाच्या. पांढरे केस, पायात कापडी बूट आणि हातात एक बटवा. काळपट निळा, त्यावर सोनेरी धाग्याने विणलेले उडते करकोचे. पद्मपाणी बघून आलेल्या सासूबाई त्या बटव्याकडेच बघत राहिल्या! आणि मग त्यांनी सरळ बोटाने विचारलं, हात लावू का?

बाईंनी हसून बटवाच हातात दिला. त्यांच्या वाटाड्याला जपानी येत होतं आणि हिंदीही, त्याने मध्यस्थी केली. तो बटवा त्यांच्या आईच्या 'ओबी'तून शिवलेला होता. ओबी म्हणजे किमोनोवर कमरेला गुंडाळायचा रुंद पट्टा, साधारण फूटभर रुंद आणि चार मीटरहून लांब. आईची ती ओबी गाठ मारण्याच्या जागी झिजून फाटली होती. शाबूत भागातून त्यांनी तीन बटवे केले, एक स्वतःला आणि दोन बहिणींना.

"आणि किमोनो? तोही कापतात?" वन्संनी विचारलं.

मग जे ऐकलं ते आम्हा तिघींनाही नवीन होतं. किमोनोचं कापड जेमतेम छत्तीस-अडतीस सेंटिमीटर पन्ह्याचं आणि बारा मीटरच्या आसपास लांब. त्यातून फक्त सरळ रेषेत आठ पट्ट्या कापतात. दोन अंगाच्या, दोन बाह्यांच्या, दोन पुढच्या आणि दोन गळपट्टीच्या. गोल कात्री कुठेच नाही! जुन्या काळी धुवायचा झाला की सगळी शिवण उसवायची, पट्ट्या पुन्हा जोडून सलग कापड करायचं, धुऊन, खळ देऊन, ताणून वाळवायचं आणि परत शिवायचं. म्हणून जुना किमोनो उसवला की कापड जवळजवळ पुरंच्या पुरं हाती येतं. आईचा झिजला की लेकीचा, लेकीचा झिजला की दुपटं, मग बटवे, लहान मुलींना खेळायला कडधान्य भरलेले कापडी चेंडू, आणि अगदी शेवटी पुसणं.

सासूबाई मोठ्याने हसल्या. "सांगा त्यांना, आमच्याकडेही असंच. लुगड्याचं परकर-पोलकं, परकराचं झबलं नि कुंची, उरलेल्याची वाकळ, आणि शेवटी पोतेरं!" वाटाड्याने पोतेऱ्याचं जपानी काय केलं कोण जाणे, पण त्या बाईही पोट धरून हसल्या.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. त्यांच्याकडे सुयांचा एक दिवस असतो, 'हारी-कुयो'. कुठे ८ फेब्रुवारीला, कुठे ८ डिसेंबरला. वर्षभरात मोडलेल्या, वाकलेल्या सुया बायका देवळात नेतात आणि तोफूत, म्हणजे सोयाबीनच्या पनीरसारख्या मऊ वडीत, टोचून ठेवतात. जन्मभर जाड कापडातून गेली, आता मऊ जागी विसावू दे म्हणून. मला लगेच आमची खंडेनवमी आठवली. शिवणयंत्राला हळदकुंकू, कात्रीला फूल. आम्ही चालत्या हत्याराची पूजा करतो, त्या दमलेल्या सुईची करतात.

निघता निघता सासूबाईंनी वाटाड्याला विचारायला लावलं, "आईच्या पट्ट्याला कात्री लावताना तुम्हाला कसं वाटलं?"

बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "चांगला होता तोवर मी तो नेसले. फाटल्यावर सात वर्षं पेटीत ठेवला. त्या सात वर्षांत मला आईची आठवण फक्त पेटी उघडली की यायची."

कात्री कुणी लावली

त्या रात्री सिडकोतल्या घरी जेवणं झाली, ओटा आवरला, आणि सासूबाई म्हणाल्या, "गाठोडं आण गं. आणि कात्रीही आण." वन्सं काही बोलायला गेल्या, तर त्यांनी हाताने थांबवलं. "एक पैठणी पोटासाठी जाळली. ही दुसरी नुसती उंदरा-कसरीसाठी ठेवायची का? पण एक सांगते. पदर तोडायचा नाही. पदर अख्खा राहील."

पहिली कात्री त्यांनीच लावली, पदर जिथे संपतो तिथे, धाग्याच्या सरळ रेषेत. वन्संच्या डोळ्यांत पाणी होतं, पण कापडाचं दुसरं टोक त्यांनीच ताणून धरलं होतं.

पदराला मागून मऊ सुती कापड लावून हाताने शिवून घेतला. तो आता दरवर्षी महालक्ष्म्यांच्या मागे लावायचा, एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष वन्संकडे, एक वर्ष पुण्याला. फ्रेमची आयडिया जाऊबाईंनी आनंदाने मागे घेतली. काठांचे बटवे, चष्म्याची घरं आणि सासूबाईंच्या पोथीला वेष्टण झालं. आणि विरलेलं अंग? ते सासूबाईंनी हलकेच गोळा करून एका दुपट्याच्या दोन थरांच्या मध्ये पसरलं. पुण्याच्या नातीला बाळ होणार आहे, पणतीला पणजीच्या सासूची ऊब. एक चिंधीही टाकली नाही.

माझा पहिला बटवा बिघडला, तेही कबूल करते. गुलमंडीवरून आणलेलं अस्तर मी न भिजवता लावलं, बटवा एकदा ओला झाला आणि अस्तर आटून सगळा चुरगळला. सुदैवाने तो काठाच्या सर्वात लहान तुकड्याचा होता. ते अनुभवाचे बोल म्हणून खालच्या सूचना वाचा.

कात्री लावण्याआधी

१. नेसण्याजोगी पैठणी, शालू किंवा किमोनो कापू नका. आजकाल चांगल्या जुन्या पैठण्या कापूनही पर्सेस करतात, ते पाहून हळहळ वाटते. विरलेली, फाटलेली, डाग न जाणारी असेल तरच हा विचार करा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि कापण्याआधी अख्ख्या साडीचा फोटो काढून ठेवा.

२. कापड उजेडाकडे धरून बघा. जिथे चाळणीसारखं दिसेल तो भाग सोडा. दोन अंगठ्यांनी हलकेच ताणून पाहा. करकर आवाज आला किंवा धागा सरकला तर त्या भागावर ओझं पडेल अशी वस्तू करू नका.

३. जरीचं जुनं रेशीम घरी पाण्यात घालू नका. सावलीत वारं द्या, मऊ ब्रशने धूळ झटका. डाग असतील तर जाणत्या ड्रायक्लीनरला दाखवा. जरीवर लिंबू-चिंचेचे प्रयोग तर मुळीच नकोत.

४. अस्तराचं सुती कापड आधी रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच कापा.

५. जुनं रेशीम एकटं वापरू नका. मागून मलमल किंवा मऊ सुती कापड लावून, दोन्ही थर मोठ्या धावदोऱ्याने एकत्र टाचा आणि मग एकच कापड समजून कापा. पर्सला ताठपणा हवा असेल तर बकरम अस्तराला लावा, रेशमाला नको.

६. कागदाचा खाका आधी कापा आणि कापडावर फिरवून बघा. राघूची मान शिवणीत जाता कामा नये! शिवणीसाठी नेहमीपेक्षा जास्त, अर्धा इंच तरी माया ठेवा. जुन्या कापडाचे धागे लवकर निसटतात.

७. बारीक सुई वापरा. टाका फार जवळ जवळ घालू नका, त्याने कापड कागदासारखं फाटतं. इस्त्री मंद, आणि मध्ये सुती रुमाल.

८. हिमरू असेल तर मागचे मोकळे धागे कापू नका, अस्तराने झाका. किमोनो किंवा ओबीचा तुकडा कुणी भेट दिला असेल तर आधी शिवण उसवा, पट्ट्या आपोआप सरळ निघतील. चुणीदार जपानी क्रेप पाण्याने आटतं, म्हणून तेही ओलं करू नका.

९. साध्या बटव्यासाठी आठ इंच बाय सहा इंचाचे दोन तुकडे पुरतात. वरच्या दीड इंचात नाडीचा नेफा. तळाशी काठ आला तर बटवा उठून दिसतो, आणि भार काठावर पडल्याने टिकतोही.

आणि ज्या साड्या अजून चांगल्या आहेत, त्यांच्यासाठी एवढंच, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जरीला डांबराच्या गोळ्या टेकू देऊ नका, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. आमची पैठणी घडीवरच गेली.

परवा सासूबाईंना डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. त्यांनी कमरेचा बटवा काढला, त्यातून चष्मा, गोळ्यांची पट्टी आणि सुटे पैसे काढून टेबलावर मांडले. समोर बसलेल्या बाईंनी विचारलं, "आजी, किती छान बटवा! कुठून आणला?"

"माझ्या सासूबाईंचा आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढचा अर्धा तास, नंबर येईपर्यंत, त्या अनोळखी बाईला आजेसासूबाईंच्या लग्नाची हकीकत सांगत बसल्या. मीसुद्धा ती तेव्हाच पहिल्यांदा ऐकली.